मुरूम, वांग आणि घाईचा उपाय

काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याच्यापाशी सुश्रुत आणि त्याचे सहाध्यायी आयुर्वेद शिकावयास गेले, असे सुश्रुतसंहितेच्या आरंभीच सांगितले आहे. या संहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ या शीर्षकाचा अध्याय आहे. तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुळ्यांना तेथे ‘मुखदूषिका’ म्हटले असून शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. तिचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या निरीक्षणाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. चेहऱ्यावरील पातळ, न दुखणाऱ्या, काळपट मंडलांना त्याच अध्यायात ‘व्यंग’ हे नाव आहे. मराठीतील ‘वांग’ हा शब्द त्याचेच बदललेले रूप होय. हे रोग क्षुद्र खरेच, कारण त्यांनी प्राण जात नाहीत. परंतु ज्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, तिच्या घरात त्यांना कोणी क्षुद्र मानीत नाही. ही व्यथा आणि तिच्यापोटी होणारी घाई यांमुळेच आज मूळ रोगापेक्षा त्यावरील उपाय अधिक घातक ठरू लागला आहे.

सुश्रुताने मुखदूषिकेचे कारण कफ, वायू आणि रक्त यांत शोधले आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप सांगितला. आधुनिक वैद्यकाची मांडणी निराळी आहे. त्वचेतील केसांच्या मुळांशी सूक्ष्म तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात. ती मुलांमध्ये असतात तशी मुलींमध्येही असतात. त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होऊन अधिक तेल पाझरू लागतात. त्याच सुमारास रोमकूपाच्या तोंडाशी असलेल्या पेशी सुट्या होऊन गळून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तेथे बूच बसते. बूच उघडे राहिले तर त्याचे टोक काळे दिसते. हा काळेपणा मळाचा नसून तेथे साठलेल्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संयोग पावलेल्या तेलाचा असतो. म्हणून दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासणाऱ्याच्या पदरी कोरडी, चुरचुरणारी त्वचा तेवढी पडते. बूच बंद राहिले, तर आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, दाह होतो, आणि लाल पुळी किंवा पुवाने भरलेली गाठ तयार होते. दाह खोलवर गेला तर खड्डा उरतो.

काही सवयी या प्रक्रियेला हातभार लावतात. केसांना चोपडलेले तेल कपाळावर ओघळते आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची ओळ उठते. वाराणसीत तुळशी घाटावर आणि इतरत्र कुस्तीच्या आखाड्यांची जुनी परंपरा आहे. मोहरीच्या तेलाचे मर्दन, घाम, माती आणि घर्षण हे सारे एकत्र आल्यावर खांद्यांवर व पाठीवर मुरूम उठले, तर नवल नाही. यावरून कोणी तालीम सोडावी असे नाही; मर्दनानंतर अंग धुतले म्हणजे पुष्कळ काम होते. आहाराविषयी मात्र पुरावा मर्यादित आहे. साखर व मैद्याचे पदार्थ आणि काही अंशी दूध यांचा मुरुमांशी संबंध दिसतो. पण तिखट आणि ‘गरम’ पदार्थांवर घराघरांत जो दोषारोप होतो, त्याला तसा आधार नाही.

मुरूम बरा होतो, डाग मात्र मागे राहतो. गोऱ्या युरोपीय त्वचेवर हा डाग काही काळ तांबूस दिसून विरतो; आपल्याकडील सावळ्या त्वचेवर तो तपकिरी किंवा काळा होतो. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या रंजकपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य बनवितात. हे द्रव्य सूर्यापासून त्वचेचे रक्षण करते. परंतु दाह झाला की या पेशी चिडून ते अधिक प्रमाणात बनवू लागतात. रंग वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत ओसरतो; खालच्या थरात उतरला तर त्याला वर्षही लागू शकते. पुळी नखाने फोडण्यास त्वचारोगतज्ज्ञ विरोध करतात तो यासाठी.

वांगाची गोष्ट वेगळी आहे. तेथे आधी दाह दिसत नाही. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे डाग उमटतात. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते अधिक दिसतात आणि कित्येक घराण्यांत ते आईकडून मुलीकडे येतात. पुरुषही सुटत नाहीत. सर्वांत मोठा वाटा उन्हाचा. वाराणसीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. स्नानाच्या वेळचे कोवळे ऊन फारसा अपाय करीत नाही. दुपारभर नाव वल्हवणाऱ्या नावाड्याच्या तोंडावर मात्र वरून ऊन आणि खालून पाण्यावरून परतणारा प्रकाश असे दोन्ही पडतात. अतिनील किरणांखेरीज डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो, हे अलीकडे स्पष्ट झाले आहे. म्हणून लोह-ऑक्साइड मिसळलेली, किंचित रंगीत सनस्क्रीन मलमे वांगासाठी अधिक उपयुक्त मानली जातात. छत्री, पदर आणि रुंद काठाची टोपी यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

त्वचेचा रंग कमी होणे हाही एक प्रश्न आहे आणि त्याचे मूळ कधी अनपेक्षित ठिकाणी असते. चिकटवण्याच्या टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल हे रसायन असल्यास ते रंजकपेशींचा नाश करू शकते, आणि कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो. कृत्रिम रंगाच्या कुंकवाने याउलट काळसर डाग पडू शकतो. मात्र फिकट पडलेल्या भागाला स्पर्श किंवा उष्णता कळेनाशी झाली असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्यावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आता घाईच्या उपायाकडे वळू. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी वैद्यांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमाच्या रूपाने त्वचेवर वापरून दाखविले. इसबासारख्या रोगांत या शोधाने क्रांती केली. पुढे त्याहून कितीतरी प्रबळ अशी बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडे आली. ती दाह शमवितात, रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि रंगद्रव्याची निर्मिती मंदावतात. त्यामुळे आठ-दहा दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसू लागतो. नेमका येथेच माणूस फसतो. चेहऱ्याची त्वचा हे औषध फार वेगाने शोषते. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेल्डमन व मायबाख यांच्या मोजणीत हाताच्या पुढील भागाच्या तुलनेत कपाळातून सुमारे 6 पट आणि जबड्याच्या कोनातून सुमारे 13 पट हायड्रोकॉर्टिसोन शरीरात गेले. महिनोन्महिने वापर झाला की त्वचा पातळ होते, गालांवर लाल रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, नको तेथे लव वाढते, आणि ज्या मुरुमांसाठी मलम लावले तेच दुप्पट जोराने उठतात. मलम थांबविताच चेहरा लाल होऊन आग होते. घाबरून माणूस पुन्हा तीच नळी पिळतो.

भारतातील 12 त्वचारोग केंद्रांत झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याचे विकार असलेल्या 2926 रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावीत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना ते सुचविणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. दहांपैकी नऊ जणांवर दुष्परिणाम दिसले. मुरूम उठणे किंवा वाढणे हा त्यांत सर्वाधिक आढळला. 2018 मध्ये केंद्र शासनाने अशा 14 औषधांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकू नयेत असा नियम केला. तरीही शेजारणीने, सलूनमधल्या कारागिराने किंवा दुकानदाराने सुचविलेली नळी घरोघरी सापडते, कारण ती स्वस्त असते आणि काही दिवस गुणही देते.

योग्य उपचार याच्या नेमके उलट, म्हणजे संथ असतो. सौम्य मुरुमांवर रात्री अडापॅलिन आणि जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड दिले जाते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, क्वचित पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, आणि खरा फरक दिसावयास आठ ते बारा आठवडे लागतात. कित्येक रुग्ण त्याआधीच औषध सोडतात. गंभीर मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गुणकारी आहेत; पण त्यांनी गर्भात व्यंग निर्माण होते, म्हणून उपचार चालू असताना आणि त्यानंतर निदान एक महिना गर्भधारणा होऊ देता कामा नये. वांगासाठी अझेलाइक आम्ल किंवा मर्यादित काळ हायड्रोक्विनोन वापरतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचे एकत्रित मलम क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडले. त्यातही स्टेरॉइड आहेच. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवड्यांपुरते ते औषध असते, आणि त्यानंतर वर्षभर लावीत राहिल्यास तेही वर सांगितलेल्या नळीसारखेच ठरते.

अशी नळी ज्याच्या घरात आहे, त्याने तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. नावाच्या शेवटी ‘-सोन’ किंवा ‘-सोल’ असणे पुष्कळदा स्टेरॉइडची खूण असते. फ्लुओसिनोलोन, मोमेटासोन हीही त्याच कुळातली. दीर्घकाळ वापर झाला असेल तर ती एकदम फेकून न देता त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावी. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आयुर्विज्ञान संस्थेत आणि बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग असतो. तेथे औषधाचा जोर पायरीपायरीने उतरविला जातो. आग आणि लाली शमण्यास काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, त्वचा हळूहळू पूर्ववत होऊ लागते. फुगलेल्या रक्तवाहिन्या मात्र कित्येकदा लेसरवाचून जात नाहीत.