कोल्ह्याची द्राक्षे

मी मद्य घेत नाही. घरच्या रीतीत ते बसत नाही आणि पन्नाशी उलटल्यावर नवा नाद लावून घ्यायची हौसही नाही. तेव्हा मी वाइनवर बोलणे म्हणजे कोल्ह्याने द्राक्षांवर बोलणे, असे कुणी म्हटले तर माझी तक्रार नाही. पण श्रोतेहो, मी आष्ट्याचा. पलूस-तासगावच्या द्राक्षबागा आम्हाला शेजारच्याच. शिवाय शायरीचा नाद असलेल्या माणसाची या विषयातून सुटका नसते. फारसी-उर्दू कवी मद्याला द्राक्षवेलीची लेक म्हणतात. माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला, तेव्हा एका पुस्तकाचे नावच ‘द्राक्षकन्या’ ठेवले.

गंमत अशी, की कोल्ह्याने ज्या आंबटपणाला नाक मुरडले, त्याच आंबटपणाला फ्रान्समधला शेतकरी जिवापाड जपतो. तिथे लुआर नावाची लांबलचक नदी आहे. तिच्या काठी सान्सेर गावाच्या परिसरात ‘सोव्हिन्याँ ब्लाँ’ जातीच्या द्राक्षांची पांढरी वाइन होते. पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे, फिकट पिवळसर. तिला कापलेल्या गवताचा, हिरव्या ढोबळी मिरचीचा, लिंबाच्या सालीचा वास असतो म्हणतात. ती वर्षानुवर्षे मुरवत ठेवायची नसते. ताजी, थंड करून घेतात.

हा ताजेपणा येतो कुठून? द्राक्ष पिकू लागले की साखर चढते आणि आम्ल उतरते. ऊन जितके कडक, तितके आम्ल झपाट्याने उतरते. म्हणून तोडणीचा दिवस नेमका साधावा लागतो. रस लगेच सालींपासून वेगळा काढून पोलादी टाक्यांत थंड तापमानाला आंबवतात. यीस्ट साखर खाऊन तिचे अल्कोहोल करते. आम्ल बरेचसे मागे राहते. आपला बागायतदार मण्याची फुगवण आणि गोडी पाहतो. वाइनची द्राक्षे मात्र बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात मांडली तर गिऱ्हाईक पुढे निघून जाईल.

आता खाण्याचे. नियम मला सोपा वाटतो : ज्या पदार्थावर आपला हात आपोआप लिंबू पिळायला जातो, तो या वाइनशी जमतो. तळलेली सुरमई, कोळंबी, कोथिंबीर वडी. लुआर समुद्राला मिळते त्या बाजूला ‘म्युस्काडे’ नावाची अशीच आंबटसर वाइन कालवांबरोबर घेतात. सान्सेरजवळच्या शाविन्योल गावात शेळीच्या दुधाचे छोटे गोल चीज करतात, तेही याच वाइनबरोबर. चीजचा खारट स्निग्धपणा जिभेवर बसतो, आम्ल तो धुऊन काढते. आपला तांबडा रस्सा मात्र इथे बाद. अल्कोहोलने मिरचीची आग भडकते आणि वाइनचा नाजूक वास मरतो. गोडाबरोबरही नको. पेढा खाऊन चहा घेतला की चहा अगोड लागतो, तशी ही वाइन नुसतीच आंबट लागेल.

हीच जात नाशिककडे रुजली. सुला वायनरीच्या पहिल्या वाइन 2000 साली बाजारात आल्या, त्यांत सोव्हिन्याँ ब्लाँ होती. 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. आमच्या पलूसला वाइन पार्क आखला गेला. कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. 2008-09च्या मंदीत मागणी बसली आणि अनेकांनी त्या वेली उपटल्या. खाण्याची द्राक्षे पडली तर बेदाणा करता येतो. या बियांच्या बारीक मण्यांचे करायचे काय? वायनरीने पाठ फिरवली की त्यांना दुसरे दार नाही. कवितेतली द्राक्षकन्या कवीला रिझवते, शेतकऱ्याला तिचे लग्न जमवावे लागते!

फ्रेंच स्वयंपाकात आणखी एक वस्तू आहे, ‘व्हेर्जू’. कच्च्या द्राक्षांचा आंबट रस. न आंबवलेला, म्हणजे माझ्यासारख्यालाही चालणारा. आपल्याकडे विरळणीत कच्चे हिरवे मणी वेलीखाली ढीगभर पडतात. एका मित्राने घरच्यापुरता एक वेल फवारणीशिवाय ठेवला आहे. त्याचे ओंजळभर मणी मी मागितले, तेव्हा तो म्हणाला, “कवी, ह्याचं काय करणार? दात आंबतील.” घरी ते ठेचून, गाळून रस काढला आणि तव्यावरच्या माशावर पिळला. मुलांनी विचारले, आज लिंबू कुठले आणले?