मुलीचा प्रवेश आणि आपली कागदपत्रे

बारावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी एकच धांदल उडते. आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, साऱ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आपण कॉलेजच्या खिडकीशी उभ्या! फॉर्मवर आपला आणि ‘ह्यां’चा मोबाइल नंबरही लिहून देतो. घरी कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचणाऱ्या आपण, हे कागद मात्र मागेल त्याच्या हातात देतो, नाही का?

विद्यापीठाचे दप्तर म्हणजे सुरक्षित, अशी आपली समजूत. पण १९९९ साली याच नागपूर विद्यापीठात फेरतपासणीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा घोटाळा उघडकीस आला. तेव्हा हात मारणाऱ्यांत आतलेच लोक होते. आता संगणक आले, तर बाहेरूनही हात शिरतो. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेची ९० हजारांहून अधिक हॉल तिकिटे टेलिग्रामवर पसरली. परीक्षा ३० एप्रिलला ठरल्याप्रमाणे झाली. पण मुलामुलींची नावे चव्हाट्यावर आली ती आलीच.

यात काय बिघडले, असे वाटेल. बिघडते ते असे. दुपारी फोन येतो, ‘तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती जमा करायची आहे, ओटीपी सांगा.’ मुलीचे नाव बरोबर, कॉलेज बरोबर, वर्ग बरोबर. आपण विश्वास ठेवतो आणि खाते रिकामे होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मुलगी अठराच्या आत असेल तर संमती पालकांची. अठरा पूर्ण झाली की तिची स्वतःची. (काही आयांना हे पटायचे नाही!) संमतीवर माहिती घ्यायची तर ती कशासाठी, हे कॉलेजने आधी सांगायचे. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवायचे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मात्र नियम जाहीर झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि ही मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आपणच डोळ्यांत तेल घालून राहायचे.

झेरॉक्सवर ‘फक्त अमुक कॉलेजच्या प्रवेशासाठी’ असे लिहून तारखेसह आडवी सही करा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या. ते आधारच्या वेबसाइटवरून मिळते. दुकानात व्हॉट्सॲपवर कागद पाठवून प्रिंट काढलीत, तर फाइल तिथल्या तिथे पुसायला लावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण आधी पैसा वाचवायला हवा. पैसे गेल्याचे कळताच, ‘हे’ ऑफिसातून येईपर्यंत न थांबता, १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. हा नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, आजच लिहून ठेवा.