उभी गोधडी

गोधडीची मांडणी आपल्याकडे जमिनीवरच होत आली. लुगडं अंथरायचं, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, तुकडे मांडायचे आणि दोरा ओवून बसायचं. यात एक अडचण कायमची: दिवसभर मांडलेलं संध्याकाळी उचलावं लागतं, कारण त्याच जमिनीवर रात्री अंथरुणं पडतात. मग कोणता रंग कुठे, हे घाईत ठरतं, आणि तेही बसल्या जागेवरून, हातभर अंतरावरून. गोधडी भिंतीवर मांडायची ती एवढ्यासाठी, की बघायला चार दिवस मिळावेत आणि दहा पावलं मागे सरता यावं.

अमरावतीच्या घरात मी अशी भिंत केली, तिचं सामान साधं आहे. टिनाच्या छताखाली उष्णता अडवायला थर्मोकोल लावतात, त्याच्या इंचभर जाडीच्या शीट घेतल्या, प्रत्येक मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद. तीन उभ्या शेजारी शेजारी, त्यांच्यावर आणखी तीन, मागून पॅकिंगची टेप. दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच; एका माणसाची गोधडी यात पुरी मावते. वरून फलालीन ताणून बसवायचं. बाळाच्या झबल्या-दुपट्यांसाठी घेतो तेच हे कापड, फक्त रंग करडा. पांढऱ्यावर गडद तुकडे उगाच जास्त गडद दिसतात. पन्हा कमी असल्यानं दोन पट्टे जोडावे लागले. ती शिवण मी बरोबर मध्यावर घेतली आणि गवंड्यासारखा ओळंबा सोडून सरळ केली. गोधडीची मध्यरेषा आयती मिळाली. भिंतीत ड्रिलनं भोकं पाडून, गिट्ट्या ठोकून दोन हूक लावले की काम झालं. जागा निवडताना मात्र घाई करू नये. समोर मागे सरायला मोकळी जागा हवी आणि दुपारचं ऊन थेट पडायला नको.

फलालीनवर सुती तुकडा नुसता दाबला तरी राहतो. कापडावर वर आलेले बारीक तंतू सुताच्या तंतूंत अडकतात, टाचणीही लागत नाही. पण जुन्या कपड्यांची पेटी उघडली की सगळं काही सुती निघत नाही. नायलॉनच्या साड्या, टेरिकॉटचे शर्ट यांचा धागा गुळगुळीत, ते सरकून खाली येतात. यावरचा उपाय मला जुन्या शिक्षकांच्या फ्लॅनेल बोर्डात सापडला. वर्गात गोष्ट सांगताना चित्रांच्या पाठीला पॉलिशपेपरचा तुकडा चिकटवायचे, मग ती बोर्डावर बसायची. तसाच बोटभर पॉलिशपेपर सेफ्टी पिनेनं नायलॉनच्या पाठीला लावला की तोही बसतो.

आणि कूलर. वऱ्हाडात चैत्रापासून मृगापर्यंत खिडकीतला कूलर बंद करायची सोय नाही. त्याचा झोत लागला की सुती तुकडेही फडफडतात. कापड नुसतं भिंतीला ठोकलं असतं तर इथे हात टेकावे लागले असते. मागे थर्मोकोल असल्यामुळे टाचणी सहज रुतते. उन्हाळ्यात प्रत्येक तुकड्याला वरच्या कडेला एक टाचणी.

मांडणी उभी राहिली की पहिल्यांदा जे दिसतं ते रंगांविषयी नसतं, उजेडा-अंधाराविषयी असतं. आपल्या जुन्या लुगड्यांत लाल आणि हिरवा भरपूर. जवळून पाहिलं तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. मोबाईलनं फोटो काढून तो काळा-पांढरा करून पाहावा: डाळिंबी लाल आणि गर्द हिरवा एकाच करड्या रंगात विरून गेलेले असतात. गोधडीतली नक्षी प्रत्यक्षात पेलून धरतात ते धोतराचे पांढरे आणि हळदी पिवळे तुकडे. ते कुठे ठेवायचे, एवढ्यावर मी सर्वाधिक वेळ देते. ते एका कोपऱ्यात गोळा झाले तर बाकीची गोधडी बुडते.

याच मुलखात गाडगेबाबा चिंध्यांचा अंगरखा घालून फिरले. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, १८७६ सालचा. लहानपण अकोल्याकडच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. वापरातल्या कपड्यावर ठिगळ कुठे बसणार हे फाटलेली जागा ठरवते, गोधडीच्या मांडणीत मात्र ते बाईच्या हाती येतं. म्हणून तो निर्णय शांतपणे घ्यायला मिळणं मला मोलाचं वाटतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची, एकेकाळच्या कापसाच्या मळ्यांची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या, थंडीत पांघरल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतींवर लागल्या आणि बघणारे त्यांना चित्रांच्या तोडीचं मानू लागले. गोधड्या त्याच होत्या. त्या उभ्या केल्या आणि लोक लांबून बघायला लागले. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात त्या देशाचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाच्या कापसाकडे हात पसरला होता. आपल्या बायकांच्या गोधड्या कापसाच्या या दुसऱ्या मुलखातून अशा भिंतीवर कधी लागणार, हा प्रश्न मला सोडत नाही.

अकोल्याच्या मावशीला भिंत दाखवली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अवं बाई, हे उभं पाह्यलं त वेगयंच दिसते. पण शिवाले खालीच घेजो." तिचं म्हणणं खरं आहे. अस्तर, मधले थर आणि वरचा थर सपाट जमिनीवरच एकमेकांशी नीट बसतात. टांगलेल्या कापडाला स्वतःच्या वजनानं झोळ येतो. म्हणून भिंतीवरून तुकडे ओळीनं उतरवायचे, प्रत्येक ओळीला आकड्याची चिठ्ठी टोचायची, ओळी जोडायच्या, आणि पुढचं सगळं खाली. धावदोरा कडेनं सुरू करून आत आत न्यायचा.

मावशीच्या दोन खोल्यांत थर्मोकोलला जागा नाही. तिच्यासाठी फलालीनच्या वरच्या कडेला नेफा घालून पडद्याची दांडी ओवली. मांडणी झाली की वर जुनी चादर पसरायची आणि दांडीभोवती गुंडाळी करायची, तुकडे जागचे हलत नाहीत. अशी एक गुंडाळी मी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला नेली आणि तिच्या दारावर उलगडली. तिनं चष्मा पुसला, खालच्या अंगाचे पिवळे तुकडे काढून वर लावले, आणि माझ्या आईच्या लुगड्याचा काठ मधून काढून चारी कडांना फिरवायला सांगितला.