वारेपलीकडे पोहोचणारे कण

ज्याचे आकारमान साधारण १ ते १०० नॅनोमीटर असते, त्या कणास नॅनोकण म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माता व गर्भ यांच्यामधील देवाणघेवाण ज्या वारेतून होते, ती असे कण पूर्णपणे रोखू शकत नाही, हे जपानमधील प्रयोगांनी दाखवून दिले. टोकियो विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रंग व सनस्क्रीन यांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचे कण गाभण उंदरांच्या त्वचेखाली टोचले असता, ते नर पिलांच्या वृषणांत व मेंदूत आढळले, आणि पिले सहा आठवड्यांची झाल्यावरही त्यांचा मागमूस तेथे होता. वृषणातील ज्या सूक्ष्म नलिकांत शुक्राणू घडतात त्यांची रचना विस्कटलेली होती व शुक्राणूंची दैनंदिन निर्मितीही घटली होती. ज्याला स्वतःला हे कण कधी टोचलेच गेले नाहीत अशा जिवाला ही झीज सोसावी लागावी, ही बाब विशेष चिंतेची आहे. अर्थात, त्वचेखाली टोचलेली मात्रा आणि माणसाच्या श्वासातून वा अन्नातून शरीरात जाणारी मात्रा यांची थेट तुलना करता येत नाही.