रडणं थांबलं, पण कशामुळे?

कोलिकचं, म्हणजे निरोगी तान्ह्या बाळाचं तासन्‌तास चालणारं रडणं, साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्यामुळे मधल्या काळात काहीही केलं तरी गुण आल्यासारखा वाटतो. उपचार न मिळालेल्या बाळांशी तुलना केल्याशिवाय खरं कळत नाही. स्वीडनमधल्या अॅक्युपंक्चरच्या चाचणीत (२०१७) १४७ बाळांचे तीन गट होते: दोन वेगवेगळ्या पद्धतींनी सुया टोचलेले, एक न टोचलेला. पालकांना गट कळू नये म्हणून सुया वेगळ्या खोलीत टोचत, ही काळजी मोलाची. मात्र फायदा दाखवताना सुयांचे दोन्ही गट एकत्र केले गेले, आणि अनेक मोजमापांपैकी काहींतच तो दिसला, तोही काठावरचा. इतक्या तुलनांत एखादी योगायोगानेही जुळते. पुढच्याच वर्षी तीन चाचण्यांतल्या ३०७ बाळांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा उपयोगी म्हणावा असा फरक उरला नाही.

रात्र-रात्र जागणारे आईबाप विचारतील, करून पाहायला काय हरकत आहे? त्यांची अगतिकता खरी आहे. पण सुई बाळाला टोचते, आणि नको म्हणायला त्याच्यापाशी फक्त रडणंच असतं. त्या स्वीडिश चाचणीतच ३८८ उपचारांपैकी ३१ वेळा बाळं उपचार चालू असताना मिनिटाहून जास्त रडली.