पाणी ओलांडून आलेले

सुपीरियर सरोवराचं पाणी ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा मोजता येतात. ऐन जुलैतही बोटं बधिर होतील इतकं ते गार असतं. माझ्या भाच्याने धक्क्यावरून वाकून बाटली भरली आणि तोंडाला लावणार तेवढ्यात त्यालाच आठवलं. "नको मामा, लांडगा आहे यात," असं म्हणून त्याने बाटली खाली ठेवली.

विनोद वाटला तरी तो आयल रॉयलवरचा पहिला नियम आहे. या बेटावर तंबू टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं जातं, की पाणी खळखळून उकळा, नाहीतर ०.४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणीतून गाळा; नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका. बेटावरच्या मूस या घोड्याहून उंच प्राण्याच्या फुप्फुसांत एका पट्टकृमीच्या गाठी असतात. लांडगा मूस खातो, तेव्हा तो कृमी लांडग्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात उतरतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरायला वर्षं लागतात, पण धरते. लांडगा स्वतः सहसा दिसत नाही. महिनाभर राहून गेलेल्यांनाही तो दिसलेला नसतो. पाणी उकळताना मात्र त्याची आठवण रोज दोनदा होते.

सुपीरियर हे क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, ८२,१०० चौरस किलोमीटरचं. त्यात बावीस गोवे मावतील. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी आहे. त्याच्या वायव्य भागात आयल रॉयल हे लांबट बेट आहे: लांबी सुमारे ७२ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त चौदा-पंधरा. जागा साधारण बृहन्मुंबईएवढी, आणि भोवती साडेचारशेच्या आसपास लहान बेटं नि खडक. ओजिब्वे लोक त्याला मिनाँग म्हणतात. मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा वीस-पंचवीस किलोमीटरवर असूनही बेट मोडतं मात्र मिशिगनमध्ये, ज्याचा किनारा कितीतरी लांब आहे. मिशिगनच्या हॉटन गावाहून 'रेंजर ३' ही १६५ फुटी बोट सुटते आणि सहा तासांनी रॉक हार्बरला लागते. १९५८ पासून ती हेच काम करते आहे. तिच्यावर कायक आणि कनू चढवता येतात.

बेटावर मोटारीचे रस्ते नाहीत. सगळं बेट राष्ट्रीय उद्यान आहे, आणि १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल ते पूर्ण बंद असतं. यलोस्टोनला वर्षाकाठी चाळीस लाखांहून जास्त माणसं जातात, इथे पंचवीस-तीस हजार. पण जो येतो तो राहतो. मुक्कामाची सरासरी साडेतीन दिवसांच्या आसपास आहे. बाकीच्या उद्यानांत लोक काही तास फिरून गाडीत बसतात. इथे बसायला गाडीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वल्हवत टूकर्स आयलंडकडे निघालो. रॉक हार्बर ही लांबच लांब, अरुंद खाडीसारखी पट्टी. तिच्या आणि उघड्या सरोवराच्या मध्ये लहान बेटांची रांग आहे. टूकर्स आणि कॅरिबू ही त्यातलीच दोन. तिथे चालत जाता येत नाही, होडीच हवी. रांगेच्या आत पाणी शांत असतं. दोन बेटांमधल्या फटीसमोर आलं की बाहेरची लाट कायकला आडवी थोपटते, आणि आपण किती मोठ्या पाण्यावर किती लहान वस्तूत बसलो आहोत हे कमरेखाली कळतं. बोलत बोलत वल्हवणारी माणसं त्या फटीसमोर गप्प होतात. सुपीरियरवर भीती बुडण्याची कमी आणि गारठण्याची जास्त. पोहता येणारा माणूसही या पाण्यात काही मिनिटांत हातपाय हरवतो. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात, काठ सोडत नाहीत, आणि धुकं उतरलं की मुकाट तंबूत बसतात. दोन दिवसांचा जादा शिधा नेहमी सोबत असतो. मला ही शिस्त आपल्या पावसाळी नद्यांवरच्या नावाड्यांची वाटली. पाणी नाही म्हणालं की वाद घालायचा नाही.

टूकर्सवर उतरलो तेव्हा पायाखालचा दगड पाहून मात्र मी थबकलो. काळा, बारीक कणांचा, मधूनच भोकं असलेला, त्या भोकांत पांढरे-हिरवट खडे जमलेला. हा दगड मी लहानपणापासून ओळखतो. राजगडावर बसलो की बुडाखाली असतो तोच हा बेसाल्ट. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आयल रॉयलचा सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटू लागला होता, पण फाटणं अर्ध्यावरच थांबलं. भेगेतून वर आलेले लाव्ह्याचे थर नंतर मधोमध खचून बशीसारखे झाले. त्या बशीत आज सुपीरियरचं पाणी आहे. बशीची एक कड म्हणजे आयल रॉयल आणि समोरची कड मिशिगनचा किवीनॉ द्वीपकल्प. म्हणूनच बेटाचे सगळे डोंगर एकमेकांना समांतर धावतात: वायव्येकडे कडा, आग्नेयेकडे उतार. बेट उभं चालणाऱ्याला सुखाचं आणि आडवं ओलांडणाऱ्याला कष्टाचं. कण्यासारख्या ग्रीनस्टोन रिजमधला एकच लाव्हाथर काही ठिकाणी २४० मीटरहून जाड आहे. बेटाचं सर्वांत उंच टोक, माउंट डेसॉर, ४२५ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला त्याचं काय!

आपल्याकडे या भोकांत गारगोट्या आणि झिओलाइट सापडतात. तिथे शुद्ध तांबं सापडलं. ते वितळवायचीही गरज नसते, ठोकून आकार देता येतो. मूळ रहिवाशांनी निदान साडेचार हजार वर्षांपासून दगडी हातोड्यांनी ते काढलं. त्यांचे शेकडो खड्डे आजही शेवाळाखाली दिसतात. गोऱ्यांच्या खाणी आल्या त्या १८४३ नंतर, आणि पन्नासेक वर्षांत कंटाळून परत गेल्या.

सरहद्दीचं एक गमतीदार कलम इथे सांगायलाच हवं. १७८३ च्या पॅरिस करारात अमेरिकेची हद्द 'रॉयल आणि फिलिपो' या बेटांच्या उत्तरेकडून जाईल असं लिहिलं आहे. फिलिपो बेट अस्तित्वातच नाही. फ्रेंच नकाशाकार बेलॅं याच्या १७४४ च्या नकाशात ते शिरलं. नाव एका फ्रेंच मंत्र्याच्या घराण्याचं. दोन राष्ट्रांनी नसलेल्या बेटाला साक्षी ठेवून हद्द आखली. हा विनोद पुढे इंटरनेटने पुन्हा केला. आयल रॉयलवर सिस्किविट नावाचं मोठं तळं आहे आणि त्यात रायन आयलंड. म्हणजे सर्वांत मोठ्या सरोवरातल्या सर्वांत मोठ्या बेटावरच्या सर्वांत मोठ्या तळ्यातलं सर्वांत मोठं बेट. एवढ्यावर लोकांचं समाधान झालं नाही. रायनवर पावसाळी डबकं आहे आणि त्यात 'मूस बोल्डर' नावाचा खडक आहे, अशी आवई उठली. हौशी मंडळी वल्हवत शोधायला गेली. खडक सापडला नाही.

बेटावर तंबूच्या नियमित जागा छत्तीस ठिकाणी आहेत. काही फक्त होडीवाल्यांसाठी. आतल्या तळ्यांची एक माळच आहे: व्हिटलसी, वुड, सिस्किविट, इंटरमीजिएट, रिची. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि दलदलीतून चालायचं. वल्हवण्यासाठी आलेला माणूस अर्धा दिवस होडीचा हमाल होतो. होडी आतल्या तळ्यात घालण्याआधी स्वच्छ करावी लागते आणि तिथे गळाला जिवंत आमिष लावता येत नाही. बाहेरच्या पाण्यातला शिंपला, शेवाळ, रोग आत जाऊ नये यासाठी. बेटावर अस्वल नाही, रकून नाही, स्कंक नाही, साधं हरीणही नाही. ज्याला पाणी ओलांडता आलं नाही तो इथे नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या इतर जंगलांसारखी अस्वलाच्या धाकाने अन्न झाडाला टांगायची कसरत इथे पूर्वी करावी लागत नसे. चोर मात्र आहेत. इथले लाल कोल्हे रात्री तंबूबाहेरचे बूट पळवतात. एक बूट घेऊन परतीची बोट गाठलेल्या माणसाचं काय होत असेल!

या बेटावर तंबू टाकणारी जी बाई मला विसरता येत नाही, ती हौसेने आली नव्हती. अँजेलिक मॉट ही ओजिब्वे तरुणी. १८४५ मध्ये तांब्याच्या सट्टेबाजांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, चार्लीला, इथल्या एका लहान बेटावर जागा राखायला ठेवलं. शिधा म्हणून अर्धं पिंप पीठ, थोडं खवट लोणी, काही घेवडे. लवकरच माल घेऊन बोट येईल असा शब्द होता. बोट आली नाही. शरद सरला, सरोवर खवळलं, त्यांची होडी वादळात गेली, जाळं फाटलं. हिवाळ्यात चार्ली भुकेने आणि तापाने गेला. तिने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे त्याचं प्रेत तिने झोपडीतच राहू दिलं आणि स्वतःसाठी वेगळा आडोसा उभारला. कारण झोपडीत शेकोटी पेटवली असती तर प्रेत टिकलं नसतं. डोक्याचे केस उपटून तिने सशांसाठी फास विणले. वसंतात, १८४६ मध्ये, बोट आली. त्या बेटाला आज मॉट आयलंड म्हणतात आणि उद्यानाची उन्हाळी कचेरी तिथेच आहे. आम्ही त्याच्या धक्क्यासमोरून गेलो तेव्हा कोणीतरी कपडे वाळत घातले होते. बेटाला नाव मात्र नवऱ्याचं लागलं, ही गोष्ट मला खटकते.

डेट्रॉइटचा पत्रकार अल्बर्ट स्टॉल याने १९२० च्या दशकात बेट राखण्यासाठी लेखणी चालवली. अमेरिकी काँग्रेसने १९३१ मध्ये मान्यता दिली, १९४० मध्ये उद्यान स्थापन झालं. १९७६ मध्ये जवळपास सगळी जमीन निबिड अरण्य म्हणून राखून ठेवली गेली. कोळ्यांची, विशेषतः नॉर्वेजियन कोळ्यांची वस्ती त्यातून हळूहळू ओसरली. त्यांची टपाल आणि मासळी वाहणारी 'अमेरिका' ही बोट ७ जून १९२८ रोजी पश्चिम टोकाला बुडाली. तिचं नाळेकडचं टोक पाण्याखाली हातभरावर आहे. कायकमधून वाकून पाहिलं की लोखंड दिसतं. गार पाण्यात गंजही सावकाश चढतो.

आता पुन्हा लांडग्याकडे येतो. मूळ बेटावर तो नव्हता आणि मूसही नव्हता. मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. पोहत आला की कोणी आणून सोडला, यावर अजून वाद आहे. घोड्याहून उंच, पाणवनस्पती खाणारा हा प्राणी शत्रू नसलेल्या बेटावर बेसुमार वाढला आणि उपासमारीने कोसळला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सरोवर गोठलं असताना काही लांडगे बर्फावरून चालत आले. आधीपासून राहणारे कायोटी त्यांनी दशकभरात संपवले. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी भक्ष्य-भक्षकाची मोजणी सुरू केली. ती अजून चालू आहे. रॉल्फ पीटरसन तिथे १९७० पासून आहेत. भक्ष्य-भक्षकाच्या एका जोडीवरचा इतका दीर्घ, सलग अभ्यास जगात दुसरा नाही. मूसची हाडं गोळा करण्यासाठी स्वयंसेवक सॅक पाठीला लावून झाडोऱ्यातून फिरतात आणि येताना कवटी, जबडा, मागचा पाय बांधून आणतात. काहींची सुट्टी अशीही जाते.

१९८० मध्ये लांडगे ५० होते. १९८२ मध्ये १४ उरले. कुत्रा पाळणाऱ्या मराठी माणसाला पार्वो हा शब्द सांगावा लागत नाही. कोणीतरी नियम मोडून कुत्रा बेटावर नेला आणि तो विषाणू उतरला, असं अभ्यासक मानतात. म्हणून आजही किनाऱ्यापासून साडेचार मैलांच्या हद्दीत कुत्रा होडीतही चालत नाही. पुढे आणखी एक शत्रू आला. हवा तापली तसा बर्फाचा पूल दुर्मीळ झाला, नवं रक्त येईना. १९९७ मध्ये बर्फावरून आलेल्या एका नराने काही काळ कळप तारला. पण नंतर जवळच्या नात्यांतली पिल्लं, वाकडे मणके. २०१२ मध्ये जुन्या तांब्याच्या खाणीच्या खड्ड्यात तीन लांडगे बुडालेले सापडले. २०१६ पर्यंत दोनच राहिले, एक बाप आणि त्याची लेक, शिवाय एकाच आईची. मूस मात्र २०१९ मध्ये २,०६० वर गेले आणि बाल्सम फरची रोपं त्यांनी गुडघ्याच्या वर येऊ दिली नाहीत.

सप्टेंबर २०१८ पासून वर्षभरात १९ लांडगे मिनेसोटा, मिशिगन आणि ऑन्टॅरिओतून उचलून आणले गेले. अशा राखीव अरण्यात माणसाने हात घालावा का, यावर बरीच भांडणं झाली. ज्या खाणीत लांडगे बुडाले ती माणसाची, कुत्र्याचा रोग माणसाने आणलेला, आणि बर्फही बऱ्याच अंशी माणसानेच पळवलेला. तेव्हा हात घालायचा की नाही हा प्रश्न मला उशिरा विचारलेला वाटतो. आणलेल्यांपैकी एका मादीने मात्र आपलं मत स्पष्ट दिलं. जानेवारी २०१९ च्या अखेरीस सरोवर गोठलं, आणि ती बर्फावरून चालत मुख्य भूमीवर परत गेली.

बाकीचे टिकले. २०२४ च्या अंदाजात लांडगे ३० होते आणि मूस ८४०. ही मोजणी हिवाळ्यात होते. बेट बंद असताना संशोधक बर्फावर उतरणाऱ्या विमानातून येतात आणि सुमारे सात आठवडे राहतात. २०२४ च्या हिवाळ्यात हवा इतकी उबदार होती की विमान उतरायला बर्फ धड गोठेना. काम अर्धवट टाकून त्यांना बेट सोडावं लागलं.