‘डायजेस्टिव्ह’ म्हणजे औषध नव्हे!

भोर-वेल्ह्यातल्या किराणा दुकानांत ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटांचे पुडे आता सहज मिळतात. आजीला साखरेचा त्रास आहे, हे पोटाला हलके पडेल, म्हणून पुडा घरी येतो. नावामुळे ते औषधासारखे वाटते.

‘डायजेस्ट’ या शब्दाचे लॅटिन मूळ सांगते : सुटे करून नीट लावणे. रोमन सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये कायदेपंडितांची मते निवडून ५० भागांत लावून घेतली. तो ग्रंथ ‘डायजेस्ट’. वकील आजही डायजेस्टवरून मूळ निकालापर्यंत पोहोचतात. १९२२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘रीडर्स डायजेस्ट’च्या नावात हा शब्द ‘संक्षेप’ या अर्थाने आहे. शरीरात मात्र डायजेस्ट होणे म्हणजे पचणे. लाळेतील आणि स्वादुपिंडातील पाचकरस पिष्टाचे तुकडे करतात, शेवटी ग्लुकोज सुटे होऊन रक्तात जाते.

मग बिस्किटात पाचक काय? एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये, त्यातल्या खाण्याच्या सोड्याने पचन सुधारते अशी समजूत होती. भाजताना सोड्याचा तो गुण फारसा उरत नाही. नाव तेवढे राहिले. पुड्यावरची बारीक अक्षरे वाचली तर पीठ, साखर आणि तेल हेच मुख्य घटक दिसतात.

मधुमेहात तर ‘लवकर पचते’ हा गुणच नव्हे. जे झटकन पचते, ते रक्तातली साखरही झटकन वाढवते. पॉलिश केलेल्या तांदळाचे तेच होते. गिरणीत कोंडा निघून जातो आणि धान्याचा जणू संक्षेप ताटात येतो. गाळलेला चोथा आपले पाचकरस फोडू शकत नाहीत, पण तोच साखरेचा वेग कमी करतो, शौचास साफ ठेवतो.

डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम चोथा आणि ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात चोथा जेमतेम तीन ग्रॅम. अर्थात नाचणीतही पिष्ट आहेच. त्यामुळे भाकरी मोजून खावी, सोबत उसळ आणि पालेभाजी घ्यावी. गाळलेल्या, साखर घातलेल्या आंबिलीपेक्षा ते बरे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आणि अपचन आठवडेच्या आठवडे टिकले, वजन घटले, घास अडकू लागला किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर बिस्किटे आणि चूर्ण बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.